प्रदर्शनाला न जाण्याचा निश्चय

शनिवार, ४ ऑक्टोबर १९८६
निश्चय: दीपाच्या प्रदर्शनात पाऊल ठेवणार नाही. मेडिकलची तयारी, म्हणजे प्री-मेड, अर्ध्यावर सोडून माझी मुलगी इथे अमेरिकेत युनिव्हर्सिटीच्या गॅलरीत दुसऱ्यांची चित्रं टांगते. जपान, कोरिया, चीन, तैवान. काही चित्रकार नावाजलेले, काही नवखे. टांगा म्हणावं. तिची आई मृणालिनी काल ओपनिंगला जाऊन आली. म्हणाली, पोर दाराकडे बघत होती. मी म्हटलं, बघू दे. मी बाप आहे, प्रेक्षक नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
गेलो. पण विरोधक म्हणून. न बघता नावं ठेवणं इंजिनिअरला शोभत नाही. दीपाचा क्लास असतो ती वेळ साधली, लंच अवरची. एका भिंतीवर माणसाएवढा उंच कागद, त्यावर काळ्या शाईचा एकच फटकारा. बाकी सगळं कोरं. यासाठी मेडिकल सोडायचं? बराच वेळ थांबलो, कारण बाहेर पाऊस होता.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
मुद्दे अपुरे पडत होते, म्हणून परत. तो फटकारा खाली येता येता कोरडा पडतो, तरी थांबत नाही. शेजारी पाटी: क्योटोचे कोणी गृहस्थ, वय एकाहत्तर. तरीच. पन्नास वर्षं घासलेला हात आहे. नवख्यांचं काम नव्हे. दीपाला हेच ऐकवायचं: आधी डिग्री, मग पन्नास वर्षं, मग कला.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
मीटिंग कॅन्सल केली. ऑफिसात दाताचं कारण सांगितलं. चित्रासमोरच्या बाकावर डबा उघडला, तर गार्डने बाहेर जायला सांगितलं. भाजी मेथीची होती, वास काही इतका नव्हता. उद्धट माणूस.

शनिवार, १८ ऑक्टोबर, सकाळी
प्लॅन पक्का. डॉक्टर उल्हासला गॅलरीत नेतो. हार्टचा डॉक्टर, इथल्या महाराष्ट्र मंडळात त्याच्या शब्दाला वजन. तो चार शब्द बोलला की दीपा जानेवारीत परत मेडिकलच्या वाटेला. मंडळात, उल्हासलाही, मी ती प्री-मेडला आहे असंच सांगतो. खोटं नाही, थोडं आगाऊ आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
उल्हास नेमका माझ्या फटकाऱ्यासमोर उभा राहून हसला. म्हणाला, यार, प्रिस्क्रिप्शन लिहिताना पेन अडकलं की माझंही असंच होतं. माझं डोकं फिरलं. सांगितलं, नीट बघ, शाई संपली तरी हात थांबलेला नाही, पन्नास वर्षं लागतात याला. आवाज चढला असावा, कारण गार्ड आला. उल्हासने विचारलं, दीपाला असलं आवडतं? मी म्हणालो, "हेच करते ती. मेडिकल मे महिन्यातच सोडलं."
मागे दीपा उभी होती. उल्हास पार्किंगकडे गेल्यावर हळूच म्हणाली, "बाबा, ती पाटी पलीकडच्या चित्राची आहे. हे कोरियातल्या सोलच्या मुलीचं. शी इज ट्वेंटी-थ्री. मेडिकल सोडून आलीय."

रविवार, १९ ऑक्टोबर
पाटी चुकीच्या बाजूला लावली, यात माझा काय दोष? तक्रार करायला दीपाला फोन केला. पण आधी विचारलं, त्या मुलीचे वडील आले होते का चित्र बघायला.
दीपा म्हणाली, "दे डोंट टॉक, बाबा. दोन वर्षं झाली."
मी म्हटलं, त्यांचीही काही बाजू असेल. फोन कोणीच ठेवेना. शेवटी तिने सांगितलं, मंगळवारी सगळं उतरवणार. मी म्हटलं, शिडी धरायला माणूस लागेल. म्हणाली, आहेत, बाबा, पुष्कळ आहेत.
तरी मंगळवारची सुट्टी टाकतोय. शिडी नीट कशी धरायची, हे त्या आर्टवाल्यांना कोणी शिकवलेलं नसणार.