नव्या कॅमेऱ्याबद्दल दाजींना

जामसंडे, शनिवार

प्रिय दाजी,

आपण रोज एकाच दुकानात समोरासमोर बसतो, तरी हे पत्र लिहितो आहे. तोंडाने सांगायला गेलो की तुम्ही "बरा, बरा" म्हणत चहा मागवता आणि माझं राहून जातं. म्हणून आधी कच्चं लिहून मग नीट उतरवलं आहे.

विषय नव्या कॅमेऱ्याचा. कोल्हापूरच्या दुकानदाराने वापरून बघायला दिलेला कॅमेरा सोमवारी परत जाणार, घ्यायचा की नाही ते तोवर कळवायचं आहे. तुम्ही तर परवाच निकाल दिलात, "नवो कॅमेरो घेवन करतलंय काय? माजी वेळ चुकाक लागली रे देवेशा. ह्यो सिझन झालो की दुकान तूच बघ." जानकीकाकी आतून म्हणाल्या, "बरा झाला! इतकी वर्सा माजी सवत गळ्यात घालून फिरलात." आपण तिघेही हसलो. मला मात्र त्या दुपारी जेवण गेलं नाही.

आठवडाभर मी दोन्ही कॅमेरे ताडून पाहिले. आपला बेचाळीस मेगापिक्सेलचा, हा साठचा. अल्बमच्या पानाला आपलाही पुरतो, हे खरं. उलट जास्त पिक्सेल म्हणजे हात जरा हलला तरी ते फोटोत जास्त दिसणार, ही मला धास्ती होती. पण ह्याच्या आतला सेन्सर हाताच्या उलट सरकून कंप सावरतो. आपल्यातही ती सोय आहे, पण जुनी आणि कमजोर. गुरुवारी तोंडवलीला "जरा वजन बघा" म्हणून मी तो तुमच्या गळ्यात घातला आणि तुम्ही किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारी माणसं टिपलीत. चाळीस फोटो. एकेक मोठा करून पाहिला, छत्तीस स्वच्छ. दोरीचा पीळसुद्धा दिसतो. एकात पुढचा म्हातारा मागच्याला काहीतरी टोमणा मारतो आणि मागचा हसू दाबून ओढतो आहे. मी तुमच्या शेजारीच उभा होतो, मला ते दिसलंही नव्हतं.

नववीत शाळा सोडून आलो तेव्हा तुम्ही पहिला धडा गाऱ्हाण्याचा दिलात. लग्नात घरातलं जाणतं माणूस देवापुढे गाऱ्हाणं घालतं आणि सगळे हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणतात. बाकीचे फोटोवाले तेव्हाच बटण दाबतात. तुम्ही म्हणालात, त्याच्या आधी तो माणूस श्वास घेतो, तेव्हा नवरीच्या आईकडे बघ. आठ वर्षं झाली, मला अजून जमत नाही, कारण मी स्वतःच सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणून जातो आणि बोट मागाहून हलतं.

खारेपाटणच्या लग्नाचा अल्बम पाहताना तुम्ही नेमका नवरीच्या आईचा तोच फोटो धरून बसलात. "आवशीन डोळे पुसले थंय. उशीर झालो माका." दाजी, तो फोटो तुमचा नव्हता. माझा होता.

वर्षभर तुमचा उजवा हात थरथरतो आहे. तुम्ही तो खिशात घालता आणि मी न पाहिल्यासारखं करतो. आधी हललेलं दिसू नये म्हणून मी गुपचूप शटरचा वेग वाढवून देत होतो, पण मांडवातल्या अपुऱ्या उजेडात फोटो दाणेदार यायला लागले. मग कार्ड रिकामं करताना तुमचे हललेले फोटो बाजूला काढून मी शेजारून काढलेले माझे त्या जागी ठेवू लागलो. कुठला कोणाचा हे बोलायचं नाही, फोटो दुकानाचा, हा तुमचाच नियम, म्हणून ते खपून गेलं. तुम्हाला वाईट वाटू नये एवढंच मनात होतं. पण तुम्ही माझा उशीर स्वतःचा समजलात आणि काम सोडायला निघालात.

सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये तुमचे दोनशे अकरा फोटो आहेत, जसे निघाले तसेच. खारेपाटणचाही आहे. हललेला आहे, पण वेळ नेमकी आहे. सगळे दोनदा पाहिले, एकातही तुम्हाला उशीर झालेला नाही. हात डॉक्टरांना दाखवूया, मी बरोबर येतो. आणि कॅमेरा घ्या. माझ्यावर रागावून मला कामावरून काढलंत तरी घ्या. सेटिंग कशी ठेवायची ते मी वहीत स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं आहे, नव्या माणसाला अडचण येणार नाही.

तुमचाच,
देवेश