शनिवारी हाकायचं नाय

ता. १ नोव्हें. २००३, शनि.
पेरूची दोन झाडं आज परत साफ. माकडांनी अर्धे खाऊन टाकलेले. आमचा म्हातारा खाटेवर बसून बघतोय. म्हणलं, डबा वाजवा की! तर म्हणे, "मारुतीचा वार हाय. आज हाकायचं नाय." चाळीस वर्षं हेच. माकडांना पण ठाऊक, डबा वाजला नाय की दारापर्यंत येतात. गोदावरी आता उन्हाळ्यात पण आटत नाय, माकडं तरी पलीकडं जायची कशी. बेटावर आम्ही दोघं आन ती.

ता. ४, मंगळ.
पोरगा अंबडहून आला. "आई, यंदा पेरू गेला तर बेट सोडा. माझ्याकडं चला." दोन खोल्या त्याच्या. भिंतीकडं बघत बसू? बेट सोडायचं नाय. माकडंच जातील.

ता. ६, गुरु.
माकडं धरणारा होडीतून येऊन गेला. फॉरेस्टची परवानगी हाय. पेठकडं जंगलात सोडतो म्हणला. "मावशी, जवळ कधी येतात?" सांगितलं, शनिवारी.
म्हाताऱ्याला बोलले नाय.

ता. ८, शनि.
म्हातारा सायखेड्याला मारुतीला गेला. तेवढ्यात धरणाऱ्यानं येऊन पिंजरा मांडला. आत शेंगदाणे. आपणहून गेली सगळी, एक पण बिचकलं नाय. दार पाडलं. एक राहिली, थोटी. एक हात नाय तिला. चिंचेच्या शेंड्यावरनं बघत होती.
म्हातारा आला. "कुठं गेली?" म्हणलं, नेली.
"आज?" एवढंच.

ता. ११, मंगळ.
पेरूला दात लागला नाय. माल बाजारला गेला. म्हातारा जेवतो, बोलत नाय. मीठ पाहिजे तर बोट दाखवतो. दाखवू दे.

ता. १३, गुरु.
थोटी चिंचेवरच. खाली येत नाय. खाते काय, चिंचेचा पाला. आन म्हातारा रोज डबा बडवतोय! हाकायला हाय कोण? डोकं उठलं. "कुणासाठी बडवता?"
पाच दिवसांनी तोंड उघडलं. "रोज वाजला तर तिला कळंल ना, शनिवार कधी ते."


ता. १५, शनि.
डबा बंद. चिंचेखाली पेरू ठेवले. पिकलेले, चांगले. मीच ठेवले. थोटी वरनं बघते. म्हाताऱ्याला म्हणलं, "आत चला. तुम्हाला बघून उतरत नसंल."
"मला नाय. तुला."
आत आले. दार लोटलं. फटीतनं बघतेय.
दोन फांद्या खाली आलीय. तिथंच बसलीय अजून.