शेकोटीपाशी मोकळी जागा

१८ डिसेंबर १८६३, अमरावती

अकोल्याहून निघून चौथ्या दिवशी बैलगाडीने एकदाचा इथे आदळलो. हाडं खिळखिळी झाली, पण पुण्याहून छातीशी धरून आणलेला फॅरनहाइटचा उष्णतामापक शाबूत आहे, तेव्हा स्वारी खूश आहे. खुशालराव म्हणून कापसाचे मोठे व्यापारी आहेत, त्यांची इंग्रजी पत्रं लिहायची नोकरी. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या काळ्या मातीचं सोनं झालं. कालपर्यंत ज्यांना पायात जोडा ठाऊक नव्हता, ते आज बैलांच्या शिंगांना चांदी चढवून मिरवतात. अक्कल तेवढी चढवता येत नाही.

कापसाच्या आवाराला लागून खोली मिळाली. आवारात एकच कडुनिंब आहे, त्याच्या सावलीत उष्णतामापकाची नळी टांगली. रोज सूर्योदयाला आणि दुपारी पारा टिपून वऱ्हाडच्या हवेचा तक्ता मुंबईच्या विद्वानांकडे पाठवणार. असलं काम इथे करणारा मी पहिलाच. दुसरा कोण करणार म्हणा?

२३ डिसेंबर

काल सायंकाळी उत्तरेचा कोरडा वारा सुटला आणि थंडी एकदम कोसळली. पहाटे दात वाजत होते, मनातून मी नाचत होतो. नळीपाशी जाऊन बघतो तर एकसष्ट अंश! नळीखालीच गाडीवानांनी शेकोटी पेटवलेली. तक्त्याची माती झाली.

ही सगळी मंडळी आवाराचा राखणदार नत्थुजी याच्या तंत्राने चालते. वलगावचा म्हातारा, बोलणं सगळं मले-तुले. शेकोटीभोवती नऊ जण दाटीवाटीने बसले होते आणि एका बाजूला माणसाएवढी जागा मोकळी. तिथे पोतं अंथरलेलं, त्यावर अर्धी भाकर. कोणासाठी, म्हणून विचारलं. तर म्हणे, मागे एका हिवाळ्यात उशिरा आलेल्या गाडीवानाला तेव्हाच्या कारकुनाने खोलीचं दार उघडलं नाही. तो सकाळी याच झाडाखाली काकडून मेलेला सापडला. थंडी पडली की तो येतो. त्याले इथं शेकू द्या, मंग तो कोनाच्या घरात येत नाई, असं नत्थुजीने मला समजावलं. माझ्यासारख्याला!

२४ डिसेंबर

शेकोटी विहिरीपलीकडे हलवायला सांगितलं. नत्थुजी म्हणे, जागा हालत नाई. मग मीच दोन घागरी पाणी ओतलं आणि पोतं पायाने उडवलं. भांडतील असं वाटलं होतं. सगळे आपापली घोंगडी उचलून निघून गेले. माझ्यापुढे बोलायची छाती कोणाची आहे?

२५ डिसेंबर

अडतीस! वऱ्हाडात अडतीस अंश! बत्तीसला तर पाणी गोठतं! दोनदा डोळे चोळून पाहिलं. तक्ता वाचताना मुंबईकरांची तोंडं कशी होतील, याचा विचार करत दिवसभर हसत होतो.

२७ डिसेंबर

वारा पडला. झाडाखाली पंचावन्न. गाडीवानांनी घोंगड्या काढून ठेवल्या. माझ्या खोलीत मात्र एक्केचाळीस आहे. ही खोली बांधणारा गवंडीही इथलाच असणार, मग दुसरं काय होणार?

२९ डिसेंबर

नळी फिरवून पाहिली. कडुनिंबाखाली टांगून दूर उभा राहिलो तर अठ्ठावन्न. ओसरीवर सत्तेचाळीस. माझ्या मेजावर एकोणचाळीस. भरदुपारी नळी हातात घेऊन आवाराच्या मधोमध उन्हात उभा राहिलो. छत्तीस.

म्हणजे दोष खोलीचा नाही. मी जातो तिथे थंडी येते.

नळी बिघडली असावी. बिघडलीच असणार.

३० डिसेंबर

नत्थुजी आला. स्वतःच्या हाताने शेकोटी पेटवा, पोतं अंथरा, त्याला बसायला बोलवा, चुकलो म्हणा, असं सांगून गेला. वरून, उशीर करू नका, असंही बजावलं. त्या अडाण्यांच्या देखत मी रिकाम्या पोत्याला हात जोडू? त्यापेक्षा गारठून मेलेला बरा, असं त्याला सुनावलं. तो खाली मान घालून उभा होता. माझी कीव करत होता, मेला.

त्याची बायको गोदाबाई आवार झाडते, मला दूध आणून देते. आज उकळतं दूध दिलं. तोंडाला लावेपर्यंत त्यावर बर्फाची साय.

१ जानेवारी १८६४

पेटवली. सगळ्यांच्या देखत. हात जोडले, चुकलो म्हणालो, लाज सोडून रडलो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

जाळ पुरुषभर उठला. मी त्यात हात घातला तरी ऊब नाही. पोतं तसंच राहिलं, भाकर तशीच. माझ्या डाव्या अंगाला मात्र कोणीतरी चिकटून बसलं होतं. नत्थुजी म्हणाला, त्याले आता आगीची गोडी रायली नाई, पंत.

मला भीती वाटते. इथे लिहून ठेवतो. फार भीती वाटते.

२ जानेवारी

उठवत नाही. तो उजेडीही जात नाही — खाटेची डावी बाजू खचलेली — चार घोंगड्या घेतल्या, चारही तिकडे ओढल्या जातात —

निरोगी माणसाचं अंग अठ्ठ्याण्णव असतं. माझ्या काखेत नव्वद.

३ जानेवारी, सकाळ

काखेत एक्क्याऐंशी — बोटं निळी — अक्षर वळत नाही —

नळी खाटेच्या रिकाम्या बाजूला ठेवली. पारा चढतोय. सत्तर — पंच्याऐंशी — अठ्ठ्याण्णव. तिथेच थांबला —

गोदाबाई दूध घेऊन आली. तिकडे बघून हसली. पंत, आज तोंडावर रंग आला तुमच्या, म्हणाली. वाटी तिकडे धरली. कोणीतरी घेतली —

माझ्या अंगावरून हात फिरवून चादर सारखी केली. जसं इथे कोणी नाहीच —

गोदाबाई, मी इकडे आहे — इकडे बघ, मी इक