शेवटचा हात कुणाचा?

कॉव्हेंट्री,
१२ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप शेखरमामांना,

आश्लेषाचा वाकून नमस्कार, आणि मामींना वेगळा. (इथे घरभर गालिचा असतो, कपाळ टेकायला त्रास होत नाही, त्यामुळे नमस्कारात काटकसर करण्याचं कारण नाही.) तुमच्या कानाचं ऑपरेशन नीट झालं असं आई म्हणाली. विट्याच्या स्टँडवरचा गोंगाट आता पूर्वीपेक्षा जास्त त्रास देत असेल, तर ते यशस्वी झालं असं समजायला हरकत नाही. मामींचे गुडघे थंडीत कसे आहेत? हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण तुम्ही दुसऱ्या मिनिटाला "ठेव आता, लांबचा फोन आहे" म्हणून ओरडता, आणि मला तुमची माफीही मागायची आहे आणि आभारही मानायचे आहेत. दोन मिनिटांत त्यातलं एकच बसतं.

मी ज्यांच्याकडे राहते त्या डॉक्टर सुलक्षणाकाकू इथल्या एका हॉस्पिटलात भूल देतात आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष आहेत. गणपतीत त्यांनी मला "दोन शब्द" बोलायला उभं केलं. मी बावीस मिनिटं बोलले. बाईने विजेला आणि इंजिनाला घाबरू नये, यंत्र हे कुणाची जात, वय किंवा बांगड्या बघत नाही, असं बरंच काही. (मोदक गार होत होते, हे मला नंतर कळलं.) बोलण्याच्या भरात मी जाहीर करून टाकलं की शनिवारी दुपारी दोन ते तीन या वेळात मी बायकांसाठी गाडीची दुखणी ओळखण्याचा वर्ग घेणार, तोही माझ्या स्वतःच्या मोटरसायकलवर. बारा जणींनी नावं दिली. त्यात माझ्या आईपेक्षा मोठ्या सहा होत्या. तुम्हाला खरं सांगते, पदवीच्या वेळीही मला इतका आनंद झाला नव्हता.

आता अडचण अशी की हॉलची तीच वेळ मंडळाचे सेक्रेटरी गिरीशकाका यांना अंताक्षरीच्या सरावासाठी हवी होती. गिरीशकाका माणूस वाईट नाही, पण त्यांचं म्हणणं, "अगं, इथे ब्रेकडाउनवाल्यांना एक फोन केला की अर्ध्या तासात येतात. व्हाय बॉदर?" शेवटी काकूंनी तडजोड काढली: पहिला वर्ग घेऊन बघायचा. गाडी सगळ्यांसमोर सुरू झाली आणि चालू राहिली तर वर्ग वर्षभर, नाहीतर अंताक्षरी वर्षभर. मी लगेच कबूल झाले. तेव्हा गाडी उत्तम चालत होती.

गाडी १९८१ सालची, माझ्याहून वर्षाने मोठी. दसऱ्याला तिची पूजा करायची म्हणून मी आधी चार दिवस खपून तिला रंग दिला. गंजलेल्या सांगाड्याची पूजा कशी करायची? सीटखालचं सगळं सोडवलं, पॉलिश पेपरने घासलं, लाल रंगाचे दोन हात दिले आणि पुन्हा सगळं जागच्या जागी बसवलं. मग हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. शेजारचे आजोबा कुंपणावरून बघत होते. त्यांनी माझ्या गाडीचं लग्न आहे का असं विचारलं. तिसऱ्या दिवसापासून गाडी आजारी पडली. रात्रभर बॅटरी चार्जरला लावली की सकाळी एका किकमध्ये सुरू, पाच-सहा मैल बरी, मग दिवा पिवळा, इंजिनला शिंका, आणि चौकात ठप्प. म्हणजे प्लगला करंट पुरत नाही, कारण बॅटरी भरत नाही. इथपर्यंत माझं निदान अचूक होतं. (एवढंच.)

मग मी भिंतीवर मोठा कागद लावून चौदा संभाव्य कारणं लिहिली. कॉइल बदलली. बॅटरी नवी घेतली. इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या वेटोळ्यांचा रोध तिन्ही पिवळ्या तारांवर मोजला, तो बरोबर आला. त्या विजेला वळण लावून बॅटरीत सोडणारा रेक्टिफायरचा डबा, ज्याला तुम्ही अजून कटाउट म्हणता, तो जुन्या बाजारातून दुसरा आणून बसवला. फरक शून्य. हॉस्पिटलातून थकून आलेल्या काकू रोज विचारायच्या, "आज कितवं कारण?" त्यांची मुलगी अन्वी इथेच जन्मलेली, दातांची डॉक्टर आहे. तिचं मराठी गोड आणि बेधडक. ती विचारायची, "ताई, तो गाडी आज पण मेला का?"

याच काळात मी तुम्हाला फोन केला होता. मी चौदा कारणं वाचून दाखवत होते आणि तुम्ही सहाव्याला मला थांबवून विचारलंत, "ते राहू दे. शेवटचा हात कुणाचा?" तुम्ही हे प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारता, हे मी मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात पन्नासदा ऐकलं आहे. प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, "कुणी हात लावला नाही हो," आणि पाव तासात मेव्हण्याचं नाव निघतं. पण मी तुम्हाला म्हणाले, "मामा, निदान असं नसतं करायचं." आपल्या दोन्ही घरांतली पहिली ग्रॅज्युएट! तुम्ही माझ्या डिग्रीची झेरॉक्स दुकानात कॅलेंडरशेजारी लावलीत, आणि मी तुम्हाला निदान कसं असतं ते सांगते. मामा, त्या वाक्याची मला फार लाज वाटते. तुम्ही फक्त "बरं बाई" म्हणालात, ते जास्त लागलं.

काल शनिवार, पहिला वर्ग. हॉलबाहेर बारा जणी कोट घालून उभ्या. गाडी एका किकमध्ये सुरू झाली. टाळ्या. मी ठिणगी म्हणजे काय ते सांगायला लागले, आठ मिनिटं झाली, दिवा पिवळा पडला आणि गाडीने मान टाकली. गिरीशकाकांनी घड्याळ बघितलं आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "चला तर मग, 'म' पासून सुरू करू या का?" सुलक्षणाकाकू म्हणाल्या, "गिरीश, थांब जरा. पेशंट अजून टेबलावर आहे." आणि तेवढ्यात अन्वी म्हणाली, "ताई, आमच्याकडे पेशंट आला की मी फर्स्ट हेच विचारते, या दातावर लास्ट काम कोणी केला?"

मी म्हणाले, "कुणी हात लावला नाही."

मामा, ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मला तुमचं दुकान दिसलं, आणि बाकावर बसलेलं गिऱ्हाईक मीच. शेवटचा हात माझा. लाल रंगाचे दोन हात, तेही माझे. मी बारा जणींसमोर तसं सांगून टाकलं. मग अवजारांच्या पेटीच्या तळातून तुमचा टेस्ट लॅम्प काढला, तोच होल्डर, दोन वायरी आणि चिमटा. (विमानतळावर मी "तिकडे असलं कुणी वापरत नाही" म्हणाले होते, आणि तुम्ही तो माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून दिलात.) एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं इंजिनला: दिवा मिणमिणला, पण पेटला. दुसरं टोक रेक्टिफायरच्या डब्याला: अंधार. डब्याला अर्थिंगच नाही. तो बसतो सांगाड्यावर, आणि मध्ये वीज अडवणारा माझा दसऱ्याचा रंग. माझा महागातला मीटर पाच आठवडे "जोडलेलं आहे" म्हणत होता, कारण स्क्रूच्या आट्यांतून केसाएवढी वाट होती. मीटरला तेवढी पुरते. दिव्याला पेटायला रस्ता लागतो. हे तुम्ही मला दहावीच्या सुट्टीत सांगितलं होतं आणि मी ते परीक्षेला येणार नाही म्हणून सोडून दिलं.

वर्गातल्या सुचेतावहिनींनी पर्समधून नखांची कानस दिली. (त्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, कानसही तशीच होती.) बाराही जणींनी पाळीपाळीने रंग खरवडला, लोखंड चमकेपर्यंत. बॅटरी तर पार उतरलेली. तेव्हा गिरीशकाका न सांगता गेले आणि आपली मोटार मागे घेत घेत आणून उभी केली, डिकीतून वायरी काढल्या, म्हणाले, "घ्या करंट. लवकर घ्या, माझा विचार बदलायच्या आत." किक मारली. वायरी काढल्यावर मीटरवर चौदा पूर्णांक दोन व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरत होती. गाडी चाळीस मिनिटं चालू होती, कारण कुणालाच ती बंद करवेना. वर्ग वर्षभर मिळाला. अंताक्षरी रविवारी गेली आणि गिरीशकाकांच्या पत्नीने तेरावं नाव दिलं.

तुम्ही मला शिकवलंत, मामा, आणि मी ते शिकले आहे हे मला काल कळलं. एवढंच लिहायचं होतं.

तुमची,
आश्लेषा

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. (राहिली नाही, टाळली.) वर्ग संपताना सुचेतावहिनींनी विचारलं, "तुझ्या मामांकडे आता कोण शिकतं गं?" खरं उत्तर असं, की महिनाभर टिकणारी मुलं येतात आणि जातात, आणि तुमची स्वतःची मनीषा बारावी होऊन घरी बसली आहे, कारण दुकानात तिचे हात काळे होतील आणि बघायला येणारे पाहुणे हात बघतात. पण माझ्यासमोर बारा जणी कोपरापर्यंत काळ्या हातांनी उभ्या होत्या. मी म्हणाले, "मामांची मुलगी शिकते. माझ्यापेक्षा हुशार आहे." यातलं दुसरं वाक्य खरं आहे.

ता. क. दुसरा. त्या बारा जणींना आता मनीषाशी बोलायचं आहे. शनिवार, २ डिसेंबर, तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात. डायनॅमोतलं फिरणारं आर्मेचर कसं तपासतात ते ती दुकानाच्या फोनवरून सांगेल असं मी कबूल केलं आहे. पत्राला आठ-दहा दिवस लागतात. तुमच्याकडे दहा दिवस उरतील. मला टेस्ट लॅम्प तुम्ही चार दिवसांत शिकवला होता. मामा, तिला दुकानाची पायरी चढू द्या.

ता. क. तिसरा. मामी, तुम्हीच हे पत्र मोठ्याने वाचत असाल, म्हणून इथून पुढचं मनातल्या मनात वाचा आणि "बाकी काही नाही, सगळ्यांना नमस्कार" असं म्हणा. मनीषाने मला जूनमध्येच सगळं लिहिलं आहे. मामा जेवून एक ते तीन झोपतात तेव्हा दुकान कोण उघडतं, आणि किल्ली कोण देतं, तेही. म्हणजे वर्गात मी खोटं बोलले नाही. मामा हो म्हणाले तर उत्तमच. नाही म्हणाले, तर २ डिसेंबरपर्यंत त्यांना रोज भात थोडा जास्त वाढत जा. आर्मेचरला मनीषाला दोन तास पुरायचे नाहीत.