उपाशी झुडपाला खत

११ एप्रिल २०१६, डार्मश्टाट

पाहिलं एकदाचं ते झुडूप! ज्याच्यापायी सूनबाई तीन वर्षं डोकं खपवतेय ते जेमतेम वीतभर आहे. नुसत्या काटक्या, वाळूवर पसरलेल्या. मी म्हटलं, "हेच?" ईप्सिता हसली. "हेच, बाबा. हारगिन्स्टर."

चौतीस वर्षं कृषी खात्यात काढली, पण इतकं भिकार रान नाही पाहिलं. मूठभर माती उचलली तर बोटांतून निसटून गेली. सगळी वाळू! दोन्ही टोकांना पाइनची झाडं, मधून पायवाट, आणि मीटर-मीटरचे आखलेले चौकोन, कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या. कशात किती फुलं, किती शेंगा, गवत किती हे दर पंधरवड्याला मोजायचं. यावर पीएचडी!

"पाणी कोण घालतं?"

"कुणी नाही. आणि काही घालायचंही नाही हं. पाय पण वाटेवरच ठेवायचा. जागा संरक्षित आहे, आत जायचं परमिट फक्त माझं आहे."

१४ एप्रिल

आमचा पुष्कर सहालाच गाड्यांच्या कारखान्यात जातो, ईप्सिता आठला युनिव्हर्सिटीत. मग घरात मी आणि डिशवॉशर. आज ट्रामने एकटा माळावर गेलो! तिकीट यंत्रातून काढलं, तेही बरोबर.

भिंगातून पानं पाहिली. उलट्या बाजूला चंदेरी लव. ओल टिकावी म्हणून असेल? वाटेवरून एक बाई ओरडली, मी वाट सोडली म्हणून. "जा, जा," म्हटलं आणि दोन पावलं मागे आलो. ती गेल्यावर पुन्हा पुढे.

१८ एप्रिल

राहवलं नाही. टोकाच्या पाइनपाशी एक चौकोन आहे, तिथली झुडपं फारच मरतुकडी. दुकानातून खताचं पुडकं आणलं. वर सगळं जर्मन, पण नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे जगभर सारखेच! एक मूठ टाकली, बाटलीभर पाणी दिलं. एकाच चौकोनाला. प्रयोग म्हणून.

ईप्सिताला सांगितलं नाही. हिरवंगार झालं की दाखवू.

२५ एप्रिल

आणखी एक मूठ. रंग धरतोय!

शोभनाचा फोन. "तिथे तरी कुणाच्या कामात नाक खुपसू नका," म्हणाली. हिला साताऱ्यात बसून कसं कळतं? गुडघे धड असते तर माझ्या पाठोपाठ माळावर आली असती.

३ मे

फुललं! पिवळंधम्मक. फूल पाहिलं आणि ओळखलं: शेंगवर्गीय. आपल्या तागाचा भाऊबंद!

खालच्या पाकळीवर पेन्सिलीचं टोक टेकवलं, तर टप्! पाकळी खाली आपटली आणि पराग उडून पेन्सिलीवर. पुन्हा टेकवलं, काही नाही. एका फुलाचं एकदाच. बारा फुलं तपासली, बाराही तशीच. रात्री जेवताना ईप्सिताला विचारलं. "गेनाऊ, अगदी बरोबर, बाबा! मधमाशी बसली की तसंच होतं." मग डोळे बारीक करून म्हणाली, "पण वाटेवरून तुमची पेन्सिल कशी पोचली?" मी ताक घुसळायला उठलो.

आत्ता लिहिताना डोक्यात आलं. शेंगवर्गीय म्हणजे मुळांवर गाठी असणार. स्वतःचं नत्र स्वतः करून खाणारं झाड! त्याला वरून नत्र कशाला? हेच गावोगाव शेतकऱ्यांना सांगत फिरलो आणि इथे स्वतः मूठ-मूठ टाकून आलो. दत्तात्रय, निवृत्त झालास म्हणून अक्कलही जमा करून आलास की काय!

खत बंद.

२० मे

चौकोनात गवत. पोटरीला लागतंय. दोन मुठी उपटलं.

२४ मे

पुन्हा आलं. खालचं झुडूप पिवळं पडतंय.

२८ मे

ईप्सिता आज नाचतच घरी आली. "बाबा, सात नंबर! सात नंबरमध्ये गवत घुसलंय, गिन्स्टर मागे हटतोय. आल्झो, नत्र वाढलंय, आणि मी तर काहीच घातलेलं नाही. म्हणजे ते हवेतून येतंय, आउटोबानवरच्या गाड्यांच्या धुरातून!" तिचे प्रोफेसर म्हणाले, नऊ जूनच्या भाषणात हेच मुख्य ठेव.

मी हळूच विचारलं, "सात कुठला?"

"तो टोकाचा. पाइनपाशी."

भात ताटात तसाच राहिला.

३१ मे

सांगायला हवं.

१ जून

नाही सांगितलं. ती चित्रं, आलेख करत बसली होती. मी चहा नेऊन ठेवला आणि परत आलो. भित्रा कुठला.

५ जून

तिने भाषण आम्हाला म्हणून दाखवलं. पुष्कर मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारत होता, ही एकेकाला चोख उत्तर देत होती. पडद्यावर मोठं सात. चार दिवसांनी चाळीस माणसांसमोर ती हे सांगणार आणि ते माझ्या खताच्या पुडक्यातलं! पुढे कधी कुणी शोधून काढलं तर नाव तिचं जाईल. माझं काय जातंय? मी साताऱ्यात असेन.

६ जून

सांगितलं. पुडकं टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, तारखांसकट.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाबा." मग खोलीत गेली आणि दार लावलं.

मुलीसारखी वागवते मला आणि मी तिची तीन वर्षं मातीत घातली. फार वाईट वाटतंय.

७ जून

पुष्करला म्हटलं, परतीचं तिकीट अलीकडचं करून दे. तो म्हणाला, "बघतो." नाही म्हणाला नाही.

८ जून

सकाळी ईप्सिता म्हणाली, "चला, दाखवा." मी माझ्या चौकोनाकडे बोट केलं. झुडूप मेलेलं, वर गवत. तिने वाकून खुंटीवरची वाळू पुसली आणि आकडा वाचला.

"हा माझा नाही, बाबा. कुणाच्या तरी जुन्या कामाचा आहे, सोडून दिलेला. सात तिकडे, दुसऱ्या टोकाच्या पाइनपाशी."

तिकडे मी कधी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही! आणि तिथेही गवत, म्हणजे तिचं नत्र हवेतलंच. खरंच.

तिने वही काढून गवत टिपलं. मग म्हणाली, "तिकीट बदलू नका. मला मोजायला माणूस हवाय."