वास आपापल्या घरात

कर्वेनगर, पुणे
१६ मार्च २००३

चि. चैतालीस,

बाबाचे आशीर्वाद. आमोदरावांना नमस्कार सांग.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. हैदराबादेत ऊन चांगलंच तापलं असेल, इथेही तेच. माझी तब्येत बरी आहे. तुळजाबाई सकाळी येऊन पोळी-भाजी करून जातात. मीठ कमी घालतात, मी वरून घेतो. आईचा मोगरा जगलाय, ओवा मात्र गेला. पाण्याची वेळ बदलली, ती कळावी म्हणून आपल्या सेक्रेटरींनी, देवधरांनी, सोसायटीत तीन ठिकाणी पाट्या लावल्या आहेत. दोन पाट्यांवर वेळ वेगवेगळी आहे.

ई-मेल करा म्हणतेस. तो मला येतो, पण सायबर कॅफेत मागच्या खुर्चीवरचा माणूस वाचतोय असं वाटत राहतं. आणि फोनवर तुझा आवाज भरून आला की मी विषय बदलतो, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून हे हाताने लिहितोय. दोन कागद फाडून झाले.

मेमध्ये येतेस हे छान. पुढे लिहिलंयस, ‘तोवर गाडी पुरी करा, तिच्यात बसून आपण तिघं फिरून येऊ, आईची फार इच्छा होती.’ त्याबद्दलच लिहायचंय. पण आधी गाडीचं सांगतो, तेवढं मला जमतं.

कंपनीने मला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कोणाची होती ते विचारू नकोस. सत्तावीस वर्षं ज्या ड्रॉइंग बोर्डावर वाकलो तो दोन माणसांनी उचलून नेला आणि त्या जागी संगणक ठेवला. संगणकावर माझ्याच मुलीचं घर चालतं, तेव्हा शिव्या तरी कोणाला घालणार? घरी बसून दोन महिन्यांत मी आईच्या डब्यांवर लेबलं लावायला लागलो. मग नारायण पेठेतल्या एका बोळात ती १९५१ सालची मॉरिस दिसली. पत्रा गंजून चाळण झालेला, एका दारात मांजर व्यालेलं. आणली, आणि आपल्या गॅरेजात उभी केली. आई म्हणाली, “अहो, घरात मी एक खोकणारी आहे, ही दुसरी कशाला?” मी हसलो होतो.

मडगार्डं कसब्यातल्या रामदास तांबटाने केली. बंबांना गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून तो असलं काम घेतो. मी त्याला म्हटलं, खड्ड्यात लांबी भर आणि मोकळा हो. लांबी म्हणजे रंगाआधी खड्डे बुजवायला भरतात तो लगदा. तो म्हणाला, “साहेब, लांबी भरली की खड्डा दिसत नाही, पण असतो. मी ठोकून सरळ करतो.” आठ दिवस एकेक मडगार्ड ठोकत होता. हात लावला तर कळत नव्हतं कुठे काय होतं.

रंग मात्र मी स्वतः मारायचा ठरवला. भाड्याने कॉम्प्रेसर आणला, थिनरचे डबे आणले. पहिल्याच दिवशी अख्ख्या सोसायटीत वास गेला. दुसऱ्या दिवशी आपल्या फाटकासमोर पाटी: ‘रंगकामाचा वास ज्याचा त्याने आपापल्या घरात ठेवावा. – सेक्रेटरी.’

तुला माझा स्वभाव माहीत आहे. नुसतं येऊन बोलले असते तर मी रंग बाहेर नेऊन मारला असता. पण पाटी लावली. मग मी म्हटलं, ठीक आहे, अगदी अक्षरशः पाळू. गॅरेजच्या शटरला आतून प्लास्टिक लावलं, कडांना चिकटपट्टी मारली. रस्त्यावर कण म्हणून वास जाणार नाही. पण आत मलाच उभं राहवेना, म्हणून स्वयंपाकघराकडे उघडणारं मधलं दार सताड उघडलं आणि त्या दिशेला पंखा लावला. स्वतःवर इतका खूश होतो की पाटीखाली चिठ्ठी चिकटवून आलो, ‘सूचनेचे पालन होत आहे.’ ते वाचून देवधरांचं तोंड कसं होईल, याच विचारात मी गाडी रंगवत होतो.

हा १३ नोव्हेंबर. बुधवार.

त्या दुपारी आईने तुला फोन केला, खोकला थांबत नाही म्हणाली. तू मीटिंगमध्ये होतीस, म्हणालीस, वाफ घे, संध्याकाळी बोलू. चार महिने प्रत्येक पत्रात तू हे लिहितेस. ‘मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, बाबा.’ आणि मी दर वेळी उत्तर देतो, बाळ, तुझा काय दोष, दम्याचं दुखणं असतंच असं. ती सगळी पत्रं म्हणजे मी भरलेली लांबी आहे.

आता ठोकून सरळ लिहितो. आईने ते मधलं दार दोनदा लावलं होतं. दोन्ही वेळा मी उघडलं. दुसऱ्या वेळी प्रायमरचा भरलेला डबा लावून ठेवला, म्हणजे पुन्हा लागायला नको. ती ओट्यापाशी पदर नाकाला लावून उभी होती. मला दिसली होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, घरात धूर, धूळ, कसला वास? मी ‘नाही’ म्हणालो. माझ्या शर्टावर हिरवा रंग होता. तसं का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित त्याने काही फरक पडला नसता. पडला असता का, हे विचारायला मी परत गेलो नाही.

दहाव्या दिवशी देवधर आले. पाटी त्यांनी स्वतःच काढली होती. म्हणाले, “माझ्या त्या पाटीपायी वहिनींना उगाच मनस्ताप झाला, क्षमा करा.” डोळ्यांत पाणी होतं माणसाच्या. आणि मी त्यांना क्षमा केली, चैताली. खांद्यावर हात ठेवून केली. काल सकाळी त्यांच्याकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी चहाही विचारला नाही. बरोबरच आहे.

गाडी तिची इच्छा होती हेही मीच तेराव्याला उठवलं. सगळे हळहळले, मला बरं वाटलं. तिची इच्छा एवढीच होती की ते दार लागावं. गाडी तशीच उभी आहे, डावं मडगार्ड अर्धं रंगवलेलं. ती मी पुरी करणार नाही. तुळजाबाई अजून त्या दारापाशी आल्या की नाकाला पदर लावतात. मला आता कसलाच वास येत नाही, त्यांना येतो.

तेव्हा तुझ्या त्या फोनचं ओझं आजपासून खाली ठेव. तुला कोणी फसवून ते चार महिने वाहायला लावलं, ते वर लिहिलंय. मेमध्ये यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलीस तर कारण विचारणार नाही. आणि ‘जाऊ द्या, बाबा’ असं मात्र लिहू नकोस, मी लगेच जाऊ देईन.

एक राहिलं. ते सांगायचं नव्हतं म्हणून बाकीचं सगळं आधी सांगितलं. डबा लावल्यावर आईने आतून विचारलं होतं, “अहो, जरा लावता का ते दार?” ती माझ्याशी बोललेली शेवटची गोष्ट. मी फवारा न थांबवता म्हणालो, “देवधरांना विचार.”

ज्याने दार लावलं नाही तो,
तुझा बाबा