तीन कोटेशन आणि एक टीव्ही

३ मार्च, सोमवार
टीव्ही वारला. तोही ऐन सामन्यात. आधी आवाज गेला, मग चित्र मधोमध एका रेघेवर आलं आणि शेवटी रेघही गेली. बाबा पायाला प्लॅस्टर घालून आमच्याकडे आलेत. दिवसभर पलंग आणि टीव्ही, दुसरं आहे काय त्यांना? महिनाअखेरीला फुटबॉलची फायनल. मी शब्द दिला: फायनल नव्या टीव्हीवर, आणि चित्र असं की गवताचं पातं न् पातं मोजता येईल. बाबा म्हणाले, स्कोअर दिसला तरी पुरे. साधा माणूस.

४ मार्च, मंगळवार
बजेट ठरलं. म्हणजे हिने ठरवलं. पैशांचं पाकीट हातात दिलं आणि म्हणाली, यात बसेल तो आणायचा, येत्या रविवारपर्यंत. मी समजावलं की कारखान्याच्या खरेदी विभागात मी उगाच केस पिकवले नाहीत. तीन कोटेशन आल्याशिवाय तिथे झाडूसुद्धा घेत नाही मी. ही म्हणाली, म्हणूनच तुमच्या ऑफिसात एवढा कचरा असतो. दुर्लक्ष केलं.
संकल्प: घाई नाही. सेल्समनच्या गोड बोलण्याला भुलणे नाही. तांत्रिक समिती मी, आर्थिक समिती ही.

६ मार्च, गुरुवार
लंच टाइममध्ये व्हिडिओंचा फडशा पाडला. परवापर्यंत मला निट्स खातात की पितात माहीत नव्हतं. आज कॅशियरला निट्सवर, म्हणजे पडद्याच्या उजेडाच्या मापावर, अर्धा तास लेक्चर दिलं. तो मान डोलवत होता. संध्याकाळी घरी जाताना त्याने टीव्ही घेऊनसुद्धा टाकला. कोणता, विचारलं तर म्हणतो, दारातून शिरल्यावर पहिला दिसला तो. असली माणसं आमची कॅश सांभाळतात.

९ मार्च, रविवार
टीव्ही आला नाही, पण काम जोरात पुढे सरकलं. साइझ पक्का करायला जुन्या खोक्यांचे पुठ्ठे कापून ३२, ४३ आणि ५० इंची असे तीन तुकडे बाबांच्या समोरच्या भिंतीवर चिकटवले. प्रत्येकाकडे नीट बघायला लावलं. कोणता बरा वाटतो? बाबा म्हणाले, मधला. बाकीच्यांवर जाहिराती फार. ४३ नक्की.

१५ मार्च, शनिवार
मॉडेल सापडलं! चित्र देखणं, आणि सवलतीमुळे बजेटमध्ये बरोब्बर बसतंय. दोन कोटेशन हातात. तिसरा दुकानदार म्हणतो, लेखी कशाला, किंमत चिकटवलीय, वाचा की. व्यवहारातली शिस्त गेली ती अशा लोकांमुळे. ही म्हणाली, दोन्हींतला स्वस्त घे आणि मोकळा हो. आर्थिक समितीने तांत्रिक बाबींत नाक खुपसू नये, असं मी मनात म्हटलं. मनातच.
बाबा हल्ली खिडकीकडे कान लावून शेजाऱ्यांच्या टीव्हीवरचा सामना ऐकतात. गोल झाला की शेजारी ओरडतात, पण कुणाचा झाला ते कळत नाही, म्हणाले. आता बस्स. उद्या खरेदी. कोटेशन दोन तर दोन.

१६ मार्च, रविवार
दुकानात एकच नग शिल्लक. मी पाकीट काढणार इतक्यात एक वयस्कर जोडपं त्याच टीव्हीपाशी आलं. हातातली फाइल आणि खिशातलं पेन बघून आजोबांना मी दुकानातलाच वाटलो. विचारतात, हा बरा आहे का हो? अडलेल्याला वाऱ्यावर सोडणं माझ्या रक्तात नाही. पॅनल, निट्स, वॉरंटी, सगळं उलगडून सांगितलं. आजींनी विचारलं, तुम्ही स्वतःच्या घरी नेला असता का? मी छातीवर हात ठेवून म्हटलं, डोळे झाकून!
त्यांनी नेला.
सेल्समनने मला चहा पाजला आणि विचारलं, शनिवार-रविवार मोकळे असता का. गुणांची पारख असलेला माणूस.
घरी सांगितलं, स्टॉक संपला. खोटं काय आहे त्यात?

२२ मार्च, शनिवार
सवलतही संपली. तो टीव्ही आता बजेटबाहेर. झालं ते बरंच झालं. त्याचा स्टँड मला पहिल्यापासून खटकत होता. नव्याने कोटेशन मागवली. जेवताना मीठ मागितलं तर ही म्हणाली, थांब, तीन दुकानांतून भाव मागवते. बाबा इतके हसले की ठसका लागला. चला, त्यांची करमणूक तरी झाली.

२८ मार्च, शुक्रवार
बाबांचं प्लॅस्टर निघालं. उद्या आपल्या घरी जातो म्हणतात. मी म्हटलं, परवा फायनल, रविवारपर्यंत टीव्ही येतोय म्हणजे येतोयच. बाबांनी विचारलं, कुठल्या रविवारपर्यंत? चिडून नाही हो, अगदी सहज विचारलं. बॅग त्यांनी आधीच भरून ठेवली होती.

२९ मार्च, शनिवार
बाबांना गाडीत बसवून आलो. घर खायला उठलंय.
संध्याकाळी हिने पाकीट उचललं, चपला घातल्या आणि तासाभरात टीव्ही घेऊन आली. एकाच दुकानातून. एकाही कोटेशनशिवाय. मी शांतपणे विचारलं, पॅनल कोणता? म्हणाली, काळा.

३० मार्च, रविवार
सकाळी टीव्ही भिंतीवर चढला. दोष शोधतोय. अजून सापडला नाही, पण सापडेल.
फायनलच्या आधी बाबांना फोन लावला. टीव्ही आला, म्हटलं. अरे वा, म्हणाले, आणि खरंच आनंदाने म्हणाले. तुमचा जुना कसा चालतोय, विचारलं. चित्र जरा हिरवट येतं, म्हणाले, पण येतं.
महिनाभर या माणसाला मी भिंतीकडे बघत ठेवलं. म्हणायचं होतं, बाबा, चुकलं माझं. तोंडातून निघालं ते असं, की हिरवट म्हणजे कलर सेटिंगचा घोळ आहे, रिमोट घ्या हातात, मी एकेक स्टेप सांगतो.
बाबा म्हणाले, ठेवतो रे, मॅच लागली.